विकतची साक्ष

मोर्शीकडे संत्र्यासाठी ओळखलं जाणारं एक हिवरखेड आहे. हे दुसरं, तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. अकोट, तेल्हारा आणि अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात बारी समाजाच्या घरांनी पानमळे राखले आणि त्यांच्या जोडीने पानपिंपळीही. आयुर्वेदातल्या त्रिकटूत सुंठ आणि मिऱ्यांसोबत जी पिंपळी असते ती हीच. वेल लावायचा, त्याला आधार द्यायचा, कणसं हाताने तोडायची, वाळवायची, आणि भाव मात्र दूरच्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याने सांगायचा. म्हणून शिकलेल्या पोरांच्या मनात येतं की आपली साइट काढू, गिऱ्हाइकाला थेट माल देऊ. साइट निघते. मग कळतं की गूगलवर शोधणाऱ्याला ती दिसतच नाही. लिंका विकणारा माणूस भेटतो तो इथेच.

पुढच्या संवादातले काकाजी आणि पुतण्या मी या भागातल्या घराघरांत चालणाऱ्या बोलण्यावरून उभे केले आहेत. काकाजींनी शेती सांभाळत वर्षानुवर्षं एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवल्या. पुतण्या पुण्यात ऑनलाइन विक्रीचं काम करतो. मी काकाजींच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून ठेवतो. पण पुतण्याची बाजू लेचीपेची नाही, आणि ती पूर्ण ऐकल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा हक्क कोणाला नाही असं मला वाटतं.

पुतण्या : काकाजी, साइट काढून दोन हंगाम झाले. 'पानपिंपळी' शोधलं की आपण चौथ्या पानावर. पहिल्या पानावर जे आहेत ते आपल्याच भागातला माल घेऊन पुडीत भरून विकतात. त्यांच्या साइटकडे शेकडो लिंका येतात, आपल्याकडे चार. एजन्सीवाला म्हणतो, दर महिन्याला लिंका घ्या, सहा महिन्यांत वर आणतो.

काकाजी : लिंक घेनं म्हंजे तू नेमकं काय इकत घेतो, ते सांग मले अगुदर.

पुतण्या : सांगतो. १९९८ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी एक हिशेब मांडला. एखाद्या शोधनिबंधाचा हवाला किती जणांनी दिला यावरून त्याचं वजन ठरतं ना? तसंच एखाद्या पानाकडे दुसरी किती पानं बोट दाखवतात, आणि ती पानं स्वतः किती वजनाची, यावरून त्या पानाचं वजन ठरवायचं. त्याला पेजरँक म्हणाले. गूगल त्यावर उभं राहिलं. आज गूगल इतर पुष्कळ गोष्टी बघतं, पण दुसऱ्या साइटने आपल्याकडे दाखवलेलं बोट अजून मोजलं जातं.

काकाजी : म्हंजे सोयरिकीच्या टायमाले आपन पोराच्या गावात जाऊन चार घरी इचारतो, तसं. मंग त्या चार घरांले पैसे देऊन 'पोरगं निर्व्यसनी हाय' म्हनवून घेतलं, तं त्याले काय म्हनाचं?

पुतण्या : बाकी सगळे तेच करत असतील तर त्याला रीत म्हणतात, काकाजी.

इथे पुतण्याला क्षणभर थांबवून तो माल दाखवायला हवा, कारण बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. व्हॉट्सॲपवर एक्सेलची यादी येते. साइटचं नाव, तिचा 'डीए', लिंकचा दर. 'डीए' म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, १ ते १०० मधला आकडा. विकणारा तो असा सांगतो की जणू गूगलनेच शिक्का मारलाय. प्रत्यक्षात तो मोझ नावाच्या खासगी कंपनीचा अंदाज आहे आणि गूगल तो वापरत नाही. यादीतल्या साइटी नीट उघडून पाहिल्या तर एकाच पानावर कर्ज, रमी, केसांचं तेल, कॅनडाचा व्हिसा असे लेख एकाखाली एक सापडतात. काही साइटी कधीकाळी खऱ्या होत्या. मालकाने नाव सोडून दिलं, दुसऱ्याने ते उचललं आणि जुन्या पुण्याईवर लिंकांचं दुकान थाटलं. काही लिंका तर सरकारी आणि शैक्षणिक साइटींत चोरून घुसून पेरलेल्या असतात. तेल्हाऱ्याचा शेतकरी पैसे भरतो तेव्हा आपलं नाव कोणाच्या शेजारी लागणार हे त्याला कोणी दाखवत नाही.

काकाजी : अन् पकडलं तं?

पुतण्या : पकडलं तर काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सांगतो. जे. सी. पेनी नावाची अमेरिकेतली मोठी दुकानसाखळी. २०१० च्या नाताळात कपडे शोधा, चादरी शोधा, गालिचे शोधा, पहिलं नाव तिचंच. न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २०११ मध्ये छडा लावला, तर हजारो लिंका निघाल्या. अणुअभियांत्रिकीच्या साइटवर, जुगाराच्या साइटवर, बल्गेरियातली घरं विकणाऱ्या साइटवर, सगळीकडे बायकांच्या कपड्यांची लिंक. गूगलने हाताने कारवाई केली. टाइम्सने एकोणसाठ शब्दांवर नजर ठेवली होती. १ फेब्रुवारीला कंपनीची सरासरी जागा १.३ होती, १० फेब्रुवारीला ५२.

काकाजी : कंपनीनं काय म्हटलं?

पुतण्या : आम्हाला माहीत नव्हतं म्हटलं. एजन्सीला काढून टाकलं. तीनेक महिन्यांत शिक्षा उठली आणि दुकान पुन्हा चालू.

काकाजी : त्याहीचं दुकान पुन्हा चाललं, कारन त्याहीचे हजारावर दुकानं रस्त्यावर उभे होते. आपले तीन महिने गेले तं हंगाम गेला, बाबू.

या उत्तरात माझ्या मते सगळा विषय आहे, आणि लहान धंदेवाल्याने तो आपल्या मापाने मोजायला हवा. मोठ्या कंपनीला गूगलची शिक्षा म्हणजे एका तिमाहीचा खड्डा. पानपिंपळीसारख्या मालाला विक्रीचे महिने मोजके असतात. 'मॅन्युअल ॲक्शन', म्हणजे गूगलची हाताने केलेली कारवाई, लागली की गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये तशी सूचना येते, मग एकेका साइटच्या मालकाला लिंक काढायची विनंती करायची, जे ऐकणार नाहीत त्यांच्या लिंका 'डिसअव्हाव', म्हणजे 'या मोजू नका' अशा, यादीत टाकायच्या, शेवटी गूगलला फेरविचाराचा अर्ज. २०१२ मध्ये पेंग्विन ही खोट्या लिंका पकडणारी गूगलची यंत्रणा आल्यावर लिंका काढता काढता लोक थकले, आणि लिंक काढायचेही पैसे मागणारे तेव्हा निघाले होते. लावायचे पैसे वेगळे, उपटायचे वेगळे.

पुतण्या : पण काकाजी, तुम्ही जुन्या भीतीवर बोलताय. २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन आलं तेव्हा साइटी आपटायच्या, गूगलनेच सांगितलं होतं की इंग्रजीतल्या ३.१ टक्के शोधांवर परिणाम होईल. सप्टेंबर २०१६ पासून पद्धत बदलली. आता पेंग्विन खोट्या लिंकेपायी बहुतेक वेळा साइटला खाली ढकलत नाही, ती लिंक नुसती मोजत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्पॅमब्रेन नावाची यंत्रणाही त्याच कामाला लावली, लिंक विकणाऱ्या साइटी ओळखायला. म्हणजे वाईटात वाईट काय? लिंक शून्य धरली जाईल. त्यात कसला धोका?

काकाजी : पैसे?

पुतण्या : पैसे गेले समजायचे.

काकाजी : अन् शून्य धरली हे तुले कोन सांगन? गूगल सांगन का?

पुतण्या : नाही. ते सांगत नाही.

काकाजी : इकनारा सांगन?

पुतण्या गप्प बसतो, आणि त्याच्या जागी मीही बसलो असतो. लोक शिक्षेला घाबरतात, पण आजचा खरा धोका या गप्प बसण्यात आहे. बियाणं उगवलं नाही तर पंधरा दिवसांत शेत दाखवतं. औषध बोगस निघालं तर बाटली घेऊन तालुक्याला तक्रार करता येते. विकत घेतलेली लिंक चालली की मेली हे ना घेणाऱ्याला कळतं, ना विकणाऱ्याला. साइट वर आली तर श्रेय लिंकेचं. आली नाही तर 'अजून थोड्या घ्या'. आणि काही लिंका मोजल्या जाऊन साइट खरंच वर चढली, नंतर यंत्रणेने त्या ओळखून वजन काढून घेतलं, तर घसरणीची सूचनासुद्धा येत नाही. गूगलने स्वतः सांगून ठेवलंय की अशा वेळी लिंकांमुळे मिळालेला फायदा गेला तो गेला, पुन्हा मिळवता येत नाही. कारण तुमचं काही काढून घेतलेलं नसतं, जे तुमचं नव्हतं ते परत गेलेलं असतं.

काकाजी : मले हे सगळं नवं वाटत नाई. म्या हे पाह्यलं हाय. २००९ ची विधानसभा आठवते का तुले?

पुतण्या : मी शाळेत होतो.

काकाजी : पॅकेज यायचं. उमेदवाराचा एवढा मजकूर, एवढे फोटो, एवढे दिवस. जाहिरात म्हनून नाई, बातमी म्हनून. निवडनुकीनंतर पी. साईनाथांनी 'द हिंदू'त छापलं, तेव्हाच्या मुख्यमंत्र्याहीच्या कौतुकाचा एकच मजकूर, शब्दाले शब्द, एकमेकांशी स्पर्धा करनाऱ्या मराठी पेपरात. कुठं एकाच्या नावानं, कुठं दुसऱ्याच्या. प्रेस कौन्सिलनं परंजय गुहा ठाकुरता अन् श्रीनिवास रेड्डी यांची समिती नेमली. त्याहीनं नावानिशी अहवाल देल्ला. कौन्सिलनं २०१० मध्ये तो आखूड करून बाहेर काढला. पुरा अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानं पुढच्या वर्षी निघाला.

पुतण्या : आणि शिक्षा? निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये तेव्हाच्या त्या मुख्यमंत्र्यांना नोटीस दिली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. शेवटी काही झालं नाही. माझं म्हणणं तेच आहे.

काकाजी : उत्तर प्रदेशात झालं. बिसौलीच्या आमदार उमलेश यादव, २०११ मध्ये आयोगानं तीन वर्षांसाठी अपात्र केल्या, पेड न्यूजचा खर्च लपवल्यापायी. पन ते सोड. मले शिक्षेचं सांगाचंच नाई. त्या निवडनुकीनंतर मी खरी बातमी घेऊन गेलो तरी लोक इचारत, 'किती घेतले?' मी एक रुपया घेतला नोयता. ज्यानं इकलं त्याचं काई गेलं नाई, ज्यानं इकलं नाई त्याची बातमी खोटी पडली. तुह्या लिंकांत तेच होईन. आपली पिंपळी अस्सल हाय. तिची साक्ष इकतची निघाली तं पिंपळीवर कोन भरोसा ठेवन?

पेपर आणि लिंका यांची गाठ एकदा प्रत्यक्षात पडली होती, ती इथे सांगायला हवी. ब्रिटनमध्ये इंटरफ्लोरा ही फुलं घरपोच देणारी मोठी कंपनी. २०१३ च्या व्हॅलेंटाइन डेच्या आधी तिचे जाहिरातवजा लेख अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांच्या साइटींवर लागले, आत कंपनीच्या लिंका. फेब्रुवारी सरता सरता कंपनी गूगलवरून गायब झाली. स्वतःच्या नावाने शोधलं तरी तिची साइट मिळेना. त्याच दिवसांत गूगलचे मॅट कट्स यांनी वजन देणाऱ्या लिंका विकण्याविरुद्ध जाहीर आठवण करून दिली, आणि ज्या वृत्तपत्रांनी असे लेख छापले त्यांच्या साइटींचं पेजरँकही खाली आलेलं लोकांनी पाहिलं. कंपनी अकरा दिवसांत परतली, तिथल्या मातृदिनाच्या आत. पेपरांचं काय? गावोगावच्या त्या पेपरांनी कित्येक दशकं लग्नं, मृत्यू, पाऊस, बाजारभाव छापून जो भरवसा कमावला होता, तो थोड्याशा जाहिरातीच्या उत्पन्नासाठी गहाण पडला. आपल्याकडची जिल्हा दैनिकं आज त्याच अडचणीत आहेत, जाहिरात आटली आहे, आणि त्यांच्या जुन्या नावाला लिंकेचा भाव येतो. हे मला पिंपळीच्या साइटपेक्षाही जास्त खुपतं.

पुतण्या : ठीक आहे. मग मला एका गोष्टीचं उत्तर द्या. न्यायाधीश तरी सोवळा आहे का? शोधाच्या पानावर सगळ्यात वर काय असतं? गूगलला पैसे दिलेल्या जाहिराती. भारत मॅट्रिमनी चालवणाऱ्या कंपनीने आणि जयपूरच्या कट्स संस्थेने २०१२ मध्ये तक्रार केली होती, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाने शोधात स्वतःला झुकतं माप दिल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटींचा दंड केला. जागा ते विकतात तेव्हा धंदा, आपण घेतली तर पाप? आणि नियम कोणाचा आहे? गूगलचा. सरकारचा कायदा नाही. लिंक घेणं हा गुन्हा नाही, काकाजी.

या मुद्द्याला टाळून पुढे जाता येणार नाही. एकाच कंपनीच्या बंद पेटीत देशभरच्या लहान विक्रेत्यांचं दिसणं-न दिसणं ठरावं, कारण विचारायला खिडकी नसावी, हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. लिंक विकत घेणं कायद्याने गुन्हा नाही, हेही खरं. पण दोन गोष्टी पुतण्याने सोडल्या. गूगलच्या जाहिरातीवर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. आणि आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०२३ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. फसवणुकीचे तेरा प्रकार त्यात मोजले आहेत आणि लपवलेली जाहिरात, म्हणजे बातमी किंवा लोकांच्या मताचं रूप घेऊन आलेली जाहिरात, हा त्यातला एक आहे. 'हिवरखेडची पानपिंपळी खाल्ली आणि खोकला गेला' असा कोणा अनोळखी साइटवरचा पैसे देऊन लिहवून घेतलेला लेख गूगलच्या नियमाच्या पलीकडे जाऊन इथे अडकू शकतो. त्यावर नाव एजन्सीचं नसेल, शेतकऱ्याचं असेल.

गूगलने स्वतःलाही एकदा लिंकांचा नियम लावला होता, हेही नोंदवतो. जानेवारी २०१२ मध्ये क्रोमच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहवलेल्या लेखांत एक वजन देणारी लिंक सापडली, तेव्हा क्रोमचं पान निदान साठ दिवसांसाठी खाली ढकललं गेलं. तेही एजन्सीचंच काम होतं.

काकाजी : सगळीकडे एजन्सी कशी काय निसटते? तू त्या मानसाले एक चिठ्ठी लिही. साइटींचे नावं आधी दे. लिंकेवर पैसे देल्ल्याची खूण ठेवशीन का, हे सांग. अन् गूगलनं कारवाई केली तं हंगामाची भरपाई कोन देईन, ते लेखी दे.

पुतण्या : तिसऱ्याला तो कधीच हो म्हणणार नाही.

काकाजी : मंग जोखीम कोनाची हे त्यानंच सांगतलं.

पुतण्या : मग वाट बघत बसायचं? पुढची दोन वर्षं? तोवर शहरातला पुडीवाला पहिल्या पानावर. खऱ्या लिंका हिवरखेडला कोण देणार, काकाजी? इथे साइट आहेच किती जणांकडे?

हा या संवादातला सगळ्यात जड प्रश्न आहे आणि काकाजींकडे त्याचं झटपट उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. खरी ओळख हळू येते. पण पानपिंपळीबद्दल मराठीत गूगलवर काय सापडतं ते पाहा. तेच चार औषधी गुण, एकमेकांवरून उतरवलेले. वेल कोणत्या जमिनीत मरतो, पाणी साचलं तर काय होतं, आधाराला शेवरी बरी की पांगारा, कणीस कोणत्या रंगावर तोडायचं, वाळवताना वजन किती घटतं, भेसळ कशी ओळखायची, हे ज्या माणसांना हाताने माहीत आहे त्यांनी ते लिहिलेलंच नाही. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला, वैद्याला, कृषी पत्रकाराला ते हवं असतं. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. अशा ठिकाणच्या माणसाने एकदा आपल्या कामासाठी त्या पानाचा हवाला दिला, तर ती लिंक यादीतल्या शंभर लिंकांना भारी. ती पैशाने मिळत नाही म्हणूनच तिला वजन आहे.

पुतण्या : लिहिणं ठीक आहे. पण मी पैसे खर्च करणारच आहे, हे आधी सांगतो. हंगामाच्या आधी दोन-तीन आरोग्याच्या साइटींवर आणि एका कृषी साइटवर जाहिरात देतो. लिंकेवर 'स्पॉन्सर्ड' खूण टाकायला लावतो. २०१९ पासून गूगलने ती सोय केलीय, त्याआधी २००५ पासून 'नोफॉलो' ही खूण होतीच. त्याने क्रमांक वाढणार नाही. पण वाचणारा माणूस येईल, आवडलं तर घेईल.

काकाजी : वर 'जाहिरात' लिहून?

पुतण्या : वर 'जाहिरात' लिहून.

काकाजी : मंग मले काई म्हननं नाई. जाहिराती मीही आनल्या हायेत पेपरले, बिल फाडून.

पुतण्या : पण पिंपळीचं पान तुम्ही लिहायचं. मला लागवड सोडून बाकीचं येतं.

काकाजी : लिहतो. फोटो मातर तोडनीच्या दिवसाचे पाह्यजेत. आता वेलाले काईच नाई.